शंभर महिन्यांच्या भाड्यात घर

गिरगाव, परळ, माझगाव किंवा दादर येथील कोणत्याही जुन्या चाळीत भाडेपावत्यांनी भरलेली एखादी पत्र्याची पेटी हमखास सापडते. तळाच्या पावत्यांवर आजोबांचे नाव असते, त्यावरच्या पावत्यांवर वडिलांचे. रक्कम मात्र फारशी बदललेली नसते. घरातील दागिने गहाण पडले तरी ही पेटी कोणी हलू देत नाही, कारण त्या खोलीवरील हक्काचा तेवढाच पुरावा कुटुंबापाशी असतो. उपनगरात अकरा महिन्यांच्या कराराने राहणाऱ्या तरुण शिक्षकापाशी किंवा कारकुनापाशी अशी पेटी नसते. त्याचे भाडे दरमहा बँकेच्या खात्यातून परस्पर जाते आणि करार संपला की बिऱ्हाड हलते. ह्या दोघांची परिस्थिती वेगळी असली तरी इच्छा एकच आहे: ज्या घरात आपण राहतो ते आपले व्हावे. आणि दोघांच्याही वाटेत एकच धोंड आहे, ती म्हणजे एकरकमी पैसा.

ह्या धोंडीचे वजन एकदा मोजून पाहिले पाहिजे. पन्नास लाख रुपये किमतीचे घर मुंबईच्या मानाने लहानच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम बँकेला देता येते. म्हणजे पन्नास लाखांच्या घरासाठी दहा लाख रुपये खरेदीदाराने स्वतःचे आणावयाचे. मुंबईतील सहा टक्के दराने मुद्रांक शुल्काचे तीन लाख आणि नोंदणीचे तीस हजार रुपये हे त्याशिवाय; अशा किमतीच्या घरांना हा खर्च कर्जाच्या हिशेबात धरला जात नाही. उंबरठा ओलांडण्यापूर्वीच तेरा लाख तीस हजार रुपये हातात हवेत. ज्या माणसाच्या पगारातून भाडे, मुलांच्या फिया आणि आईवडिलांची औषधे भागतात, त्याने ही रक्कम किती वर्षांत साठवावी? आणि तो साठवीत असताना घराच्या किमतीने काय एका जागी उभे राहावे?

‘भाडे भरता त्याऐवजी हप्ता भरा,’ असे जाहिराती सांगतात. त्यात मोठी फसगत आहे. चाळीस लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्के व्याजाने जवळजवळ चौतीस हजार सातशे रुपये होतो. तसल्याच घराचे भाडे मुंबईत सहसा ह्याच्या निम्म्यापर्यंतही जात नाही. तेव्हा आगाऊ रक्कम माफ केली की भाडेकरू आपोआप मालक होईल, हे खरे नाही. ती माफ करणे म्हणजे तेवढे कर्ज वाढविणे, आणि हप्ताही तेवढाच वाढविणे. तरीही भाडेकरू मोठी रक्कम न भरता राहत्या घराचे मालक झाल्याची उदाहरणे जगात आहेत, आपल्या मुंबईतही आहेत. त्या प्रत्येक उदाहरणात भाडेकरूने न भरलेली रक्कम दुसऱ्या कोणीतरी भरली आहे. तो दुसरा कोण, आणि त्याने ती भरणे न्याय्य होते काय, हे तपासल्याखेरीज ह्या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

१९८६ ची तरतूद

सर्वांत धाडसी प्रयोग आपल्याच राज्याने केला. त्याची पार्श्वभूमी वाचकांना परिचित आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई पराकोटीला गेली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धे शतक टिकला. भाडे गोठले, पण विटा, चुना आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, इमारती कोसळू लागल्या आणि १९६९ मध्ये कायदा करून सरकारने दुरुस्ती मंडळ स्थापले. त्यासाठी बसविलेल्या उपकराचा बराचसा बोजा भाडेकरूंवरच पडला, ही गोष्ट सहसा विसरली जाते. शहर भागातील एकोणीस हजारांहून अधिक इमारती ह्या उपकराच्या कक्षेत आल्या.

दुरुस्ती मंडळाने टेकू लावले, गिलावा केला; पण मालकाला आस्था नाही आणि भाडेकरूला अधिकार नाही, अशा इमारतीला टेकूने किती दिवस उभे ठेवणार? म्हणून १९७६ च्या म्हाडा कायद्यात १९८६ साली आठ-अ हे नवे प्रकरण घालण्यात आले. जुन्या उपकरप्राप्त इमारतीतील किमान ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था स्थापन करून अर्ज केला, तर मंडळाने ती जमीन व इमारत संपादन करून त्या संस्थेला द्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळावी, अशी ही तरतूद. साठ रुपये भाडे भरणाऱ्याला सहा हजार रुपयांत खोलीची मालकी! तेरा लाखांच्या हिशेबानंतर हा आकडा वाचताना डोळे चोळावेसे वाटतात.

भाडेकरूच्या बाजूने ह्या तरतुदीमागे एक नैतिक युक्तिवाद निश्चित होता. तीन पिढ्या ज्याने भाडे दिले, उपकर दिला, जिना मोडला तेव्हा वर्गणी काढून तो उभा केला, ती इमारत जगविण्यात त्याचा वाटा नाही असे कोण म्हणेल? परंतु मालकाची बाजू नाकारून चालणार नाही. सर्वच चाळमालक कोट्यधीश नव्हते. एखाद्या मालकाची चोवीस खोल्यांची एकच चाळ असेल आणि प्रत्येक खोलीचे भाडे साठ रुपये असेल, तर शंभरपटीच्या हिशेबाने त्याच्या वारसांना एक लाख चव्वेचाळीस हजार रुपये मिळणार, आणि तेही गिरगावातील जमिनीसह! ज्या भाड्याला शंभराने गुणावयाचे ते भाडेच मुळी सरकारने गोठविलेले होते. म्हणजे प्रथम कायद्याने भाडे खाली दाबावयाचे आणि मग त्याच दाबलेल्या भाड्यावरून किंमत ठरवावयाची. भाडेकरूची आगाऊ रक्कम येथे मालकाने भरली, आणि त्याची संमती कोणी विचारली नाही.

मालकांची संघटना न्यायालयात गेली, हे ओघानेच आले. १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचा अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे तीन न्यायमूर्तींकडून पाचांकडे, पाचांकडून सातांकडे आणि २००२ मध्ये सातांकडून नऊ न्यायमूर्तींकडे असा त्याचा प्रवास झाला. वाद केवळ चाळींचा राहिला नव्हता. घटनेच्या ३९(ब) अनुच्छेदात ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ असे जे शब्द आहेत, त्यांत खाजगी मालकीची सर्व मालमत्ता येते काय, असा तो प्रश्न झाला. निकाल लागला ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही; तिचे स्वरूप, तिचा समाजहिताशी संबंध, तिची दुर्मिळता अशा कसोट्या लावाव्या लागतील, असे बहुमताने ठरले. प्रकरण आठ-अ वैध आहे की नाही ह्याचा निर्णय मात्र नऊ न्यायमूर्तींनी दिला नाही. तो योग्य त्या पीठाकडे सोपविण्यात आला. १९८६ साली ज्या रहिवाशाने संस्थेच्या अर्जावर चाळिशीत सही केली असेल, तो ह्या निकालाच्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता.

दरम्यान इमारती न्यायालयाची वाट पाहत थांबल्या नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरविली, १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा आला, त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. परंतु साठ रुपयांचे चार टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे! त्यात गच्चीची गळती थांबत नाही.

मजल्यांवर मजले

मग भाडेकरू मालक झालेच नाहीत काय? झाले, आणि एक पैसा न भरता झाले. पण कायद्याच्या ह्या प्रकरणाने नव्हे, तर बिल्डरच्या हाताने. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्र द्यावयाचे, भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर फुकट द्यावयाचे आणि वरचे मजले विकून बिल्डरने खर्च व नफा काढावयाचा, असा हा मार्ग आहे. येथे भाडेकरूची रक्कम कोण भरते? वरच्या मजल्यावर घर घेणारा भरतो. आणि ज्या गल्लीतील नळ, गटारे, रस्ता चार मजल्यांसाठी होते तेथे चाळीस मजले उभे राहतात, तेव्हा ती सारी गल्ली भरते.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी ह्या सरकारी मालकीच्या. १९२० नंतर बांधलेल्या ह्या चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, अशी योजना तेथे राबविली जात आहे. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. ज्या खोलीत आठ माणसे पाळीपाळीने झोपत, तेथून ही कुटुंबे स्वतःच्या न्हाणीघरासह घरात गेली, ह्याचा आनंद कोणालाही व्हावा. शंका एवढीच, की जागेचा भाव जेथे आभाळाला भिडलेला आहे तेथेच हे गणित जमते. जेथे वरचे मजले विकले जाणार नाहीत, तेथे बिल्डर फिरकत नाही. गल्लीच्या टोकाला अडकलेली लहान इमारत, दोनशे चौरस मीटरचा भूखंड, वारसांची भांडणे असलेली मालमत्ता, ह्या तशाच राहतात. ज्यांची इमारत अर्धी पाडून बिल्डर निघून गेला त्यांची गत तर चाळीतल्यांहून वाईट. संक्रमण शिबिरात लहानाची मोठी झालेली मुले ह्या शहरात आहेत.

सरकार मालक असेल तर

खाजगी मालकाला भुर्दंड नको आणि बिल्डरही नको, तर भाड्याची घरे सरकारनेच बांधावी व तीच भाडेकरूंना सवलतीने विकावी, असे कोणी म्हणेल. आपल्या गृहनिर्माण मंडळाने लहान प्रमाणावर हे केले आहे. त्याच्या अनेक वसाहतींतील भाड्याचे गाळे पुढे रहिवाशांच्या नावे झाले. पण ह्या मार्गाची सर्वांत मोठी कसोटी ब्रिटनमध्ये झाली. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या घरांत राहणाऱ्या भाडेकरूंना खरेदीचा हक्क दिला. तीन वर्षे भाडेकरू असलेल्यास बाजारभावात ३३ टक्के सूट; पुढे प्रत्येक वर्षासाठी एक टक्का अधिक, कमाल ५० टक्के. शिवाय नगरपालिकेकडूनच कर्ज मिळविण्याचा हक्क. सूट हीच आगाऊ रक्कम झाली, आणि ती भाडेकरूपणाच्या वर्षांवरून मोजली गेली. भरलेल्या भाड्याला पत म्हणून मान्यता देणारा हा विचार मला आजही मोलाचा वाटतो.

पुढे काय झाले? एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरे विकली गेली. ज्यांनी ती घेतली त्यांचे भले झाले, ह्यात संशय नाही. परंतु विक्रीच्या पैशांतून तितकी नवी घरे बांधण्याची मोकळीक नगरपालिकांना देण्यात आली नाही. चांगली घरे आधी गेली. काही वर्षांनी ती बाजारात फिरून विकली गेली आणि त्यांतील पुष्कळशी खाजगी मालकांच्या हाती जाऊन पुन्हा भाड्याने लागली, ह्या वेळी चढ्या भाड्याने. आईला सवलतीत मिळालेल्या घराशेजारचे तसलेच घर मुलीला परवडेना. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये हा हक्क रद्द केला. इंग्लंडने नोव्हेंबर २०२४ मध्ये सवलती बऱ्याच खाली आणल्या. तेथे भाडेकरूची रक्कम भरली ती पुढच्या पिढीने.

सिंगापूरने ह्याहून सावध पावले टाकली. १९६४ मध्ये तेथील गृहनिर्माण मंडळाने घरे विकण्यास प्रारंभ केला आणि १९६८ पासून भविष्यनिर्वाह निधीतून पहिली रक्कम व हप्ते देण्याची परवानगी दिली. जमीन मात्र विकली नाही. घर मिळते ते ९९ वर्षांच्या पट्ट्याने. अर्थात त्यासाठी सरकारने आधी कठोर कायद्याने अल्प मोबदल्यात जमिनी घेतल्या होत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

गावदेवीची आठवण

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. १९१५ साली गावदेवी येथे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. देशातील सहकारी गृहनिर्माणाचा तो प्रारंभ मानला जातो. तिचे तत्त्व होते भाडेकरूंच्या सहभागीदारीचे. जमीन आणि इमारत संस्थेची. सभासदाने भाग घ्यावयाचे, दरमहा भाडे भरावयाचे आणि त्या भाड्यातून कर्ज व देखभाल भागवावयाची. सभासद हा आपल्याच संस्थेचा भाडेकरू आणि आपणच तिचा भागीदार मालक. एकट्याने मोठी रक्कम उभी करण्याऐवजी ती अनेकांच्या भागांत विभागली गेली. ती संस्था काढणारा वर्गही कारकून, शिक्षक, वकील अशा पगारदार व मध्यमवर्गीयांचाच होता.

आपल्या सहकारी संस्थांच्या नियमांत ‘भाडेकरू मालकी’ आणि ‘भाडेकरू सहभागीदारी’ असे गृहनिर्माण संस्थांचे दोन वर्ग आजही नमूद आहेत. नोंदणीच्या कागदावर हे शब्द अनेकांनी वाचले असतील. त्यांच्या मागचा अर्थ आपण विसरलो. सदनिका म्हणजे कधीही चढ्या भावाने विकावयाची वस्तू, एवढीच मालकीची व्याख्या उरली. मला वाटते, जुन्या चाळींचा प्रश्न सुटावयाचा असेल तर गावदेवीच्या त्या जुन्या कल्पनेकडे पुन्हा वळावे लागेल. जमीन संस्थेच्या नावे, घर विकावयाचे झाल्यास ते संस्थेलाच, ठरावीक हिशेबाने. अशी अट भाडेकरूंनी मान्य केली तर मालकाला वाजवी मोबदला हप्त्याहप्त्याने देण्यासाठी सरकारने हमी घेणे समर्थनीय ठरेल. खोली घेऊन दोन वर्षांत ती विकून बदलापूरला जाणाऱ्याची आगाऊ रक्कम सार्वजनिक पैशातून भरण्याचे मात्र काही कारण नाही. हे ऐकून अनेक भाडेकरू माझ्यावर रागावतील, ह्याची मला कल्पना आहे. सहा हजारांत घ्यावे आणि दोन कोटींना विकावे, हे स्वप्न चाळीचाळीत पाहिले गेले आहे.

म्हाडा कायद्यातील नव्या दुरुस्तीला डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. तिच्या ७९-अ कलमाने धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या पुनर्विकासाची पहिली संधी मालकाला सहा महिने दिली. त्याने काही केले नाही तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित सहकारी संस्थेला दिले, आणि त्यानंतर म्हाडाने स्वतः पुढे यावयाचे ठरविले. कागदावर हा क्रम योग्य आहे. पण त्या मधल्या सहा महिन्यांत भाडेकरूंनी काय करावयाचे? वास्तुशास्त्रज्ञ नेमावयाचा, नकाशे करावयाचे, कर्ज मिळवावयाचे. बँक विचारणार, तारण काय? जमीन मालकाच्या नावे, इमारत मोडकळीला आलेली, संस्था नोंदणीच्या वाटेवर. ज्यांची जमीन आपल्या नावे झालेली आहे अशा संस्थांना स्वयंपुनर्विकासासाठी मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्जे दिली आहेत. भाडेकरूंच्या संस्थेपाशी तो कागद नसतो. परिणामी सहा महिने सरतात आणि दारात पुन्हा बिल्डरच उभा राहतो.

ह्या एका ठिकाणी शासनाने हात घातला तर बरेच साधेल. भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला पहिल्या टप्प्याच्या खर्चासाठी राज्याने हमी द्यावी. कोणत्या संस्थेला किती हमी द्यावयाची, हे सभासदांनी किती वर्षे नियमाने भाडे व उपकर भरला ह्यावरून ठरवावे. मुदत सहा महिन्यांची न ठेवता निदान दीड वर्षाची ठेवावी. आणि मालकाचा मोबदला गोठलेल्या भाड्यावरून न मोजता जमिनीच्या किमतीशी जोडावा, म्हणजे त्याला न्यायालयाची पायरी चढण्याचे कारण उरणार नाही. बँकेला तारण म्हणून दाखविण्यास भाडेकरूपाशी सातबाराचा उतारा नाही की मिळकतपत्रिका नाही. पत्र्याच्या पेटीतील पावत्या आहेत, आणि त्या मोजून घेण्यास एखादा कारकून व एक दुपार पुरेल.